तात्यांची बिघडलेली आमटी

काम बिघडवण्यात माझ्या मावशीच्या दिरांचा हात धरणारा माणूस जामखेड तालुक्यात नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केलेले तात्या निवृत्त होऊन गावी आले आणि त्यांना साधा खांब रोवता येईनासा झाला. शाळेचं कुंपण मोडलं होतं. तात्यांनी एकट्याने सगळे खांब तिरके उभे केले. शेजारच्या सुताराला दोन दिवस ते बघवलं, तिसऱ्या दिवशी तो पहार घेऊन आला. टाकीला चुना देताना त्यांनी तो स्वतःलाच जास्त लावला, तेव्हा बचत गटाच्या बायकांनी हसत हसत त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला. त्यांनी कुणाला काम सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. ग्रामसभेतही ते खुर्चीवर बसत नाहीत, सतरंज्या झटकतात.

खरी अडचण सप्ताहाची होती. काल्याच्या दिवशी त्या गावात घरोघरच्या भाकरी गोळा होतात, मोठ्या कढईत आमटी शिजते आणि सगळं गाव एकत्र जेवतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गाव फुटलं आणि तीन वर्षं पंगत बसली नाही. वरची आळी खालच्या आळीच्या लग्नालाही जाईना. सुप्याच्या कंपनीत नोकरीला असलेला मुलगा त्यांना न्यायला आला, तेव्हा तात्या म्हणाले, "यंदाची पंगत होऊ दे. न्हाई झाली तर येतो तुझ्यासंगं. परत गावाचं नाव काढणार न्हाई."

वरच्या आळीचे पुढारी म्हणजे निवडणूक हरलेले माजी सरपंच; गाव अजून त्यांनाच सरपंच म्हणतं. पूर्वी दर वर्षी आमटी तेच करायचे. टोपली घेऊन दारात आलेल्या तात्यांना त्यांनी सुनावलं, "आमच्या आळीची एकबी भाकर मिळायची न्हाई."

तात्यांनी कढई देवळासमोर, म्हणजे नेमकी सरपंचांच्या ओट्यासमोर चढवली. डाळ शिजायच्या आतच ते चिंचेचा कोळ ओतायला लागले.

"आमटी करताय का गुरांचं आंबोण?" सरपंच ओट्यावरून ओरडले.

"आपल्याला कुठं येतंय, सरपंच! तुमी खाऊ नका म्हंजे झालं."

मग तात्यांनी मिठाची अख्खी पिशवी उचलली. सरपंच अनवाणीच धावत आले. "ठेवा ती खाली! गाव मारता काय?"

आपला माणूस कढईपाशी उभा आहे म्हटल्यावर वरच्या आळीतूनही भाकरी यायला लागल्या. तात्यांनी सगळ्यांना वाढलं आणि शेवटी कढई खरवडून स्वतः जेवले. मुलगा एकटाच सुप्याला परतला. मला इतकं हलकं वाटलं की मी तीन भाकरी खाल्ल्या.

बायको गेल्यापासून तात्या घरी स्वतःच स्वयंपाक करतात. त्यांची आमटी सरपंचांच्या आमटीपेक्षा सरस असते. ही बातमी मी इतकी वर्षं दाबून ठेवली.

दर वर्षीप्रमाणे यंदाही तात्यांनी कढई चढवली आणि "नाटकं पुरे" म्हणत सरपंच आले. मी जवळच उभा होतो. तात्या मुठीतून मीठ बेतानं सोडत होते. हात थरथरला आणि सगळी मूठ कढईत सांडली. सरपंच त्या हाताकडे बघत राहिले. मग मुद्दाम आवाज चढवून म्हणाले, "लई बिघडवली. उठा, पंगतीला बसा जावा."

तात्या पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर जेवायला बसले. सरपंचांनी वाकून वाढलं आणि हळूच विचारलं, "मीठ जमलं का, तात्या?"

तात्यांनी मान हलवली आणि थरथरत्या हाताने भाकरी कुस्करायला घेतली.