हळदीच्या व्हिडिओतला आवाज

घरात कुणी भुताखेताच्या गोष्टी सुरू केल्या की चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाणारा मी माणूस. मेहकरला शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

आईच्या पाठचीच बहीण, आमची शांतामावशी, बीबी गावाला असायची. जन्मापासून मुकी. ऐकू सगळं यायचं, पण तोंडातून शब्द कधी फुटला नाही. गेल्या वर्षी ती वारली. आई रडली थोडंच, पण त्यानंतर फार गप्प झाली.

आईला आता नीट दिसत नाही. एका रविवारी म्हणाली, "बापू, पोरीच्या हळदीतले गाणे मले ऐकव ना. चित्र काई दिसत नाही, निस्ते गाणे दे."

माझ्या मुलीची हळद मावशी असतानाच झालेली; तिचा व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर होता. एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे — त्यात व्हिडिओ टाकला की नुसता आवाज वेगळा काढून देतं. तशी एमपीथ्री फाइल सरळ पेनड्राइव्हवरच काढली आणि आईच्या छोट्या स्पीकरला लावून दिली. दुपारची वेळ. ती खाली बसून बोटांनी चाचपत मेथी निवडत होती.

दुसरं गाणं संपत आलं आणि तिचे हात थांबले.

"मांगं घे जरा."

मी मागे घेतलं. बायकांचा गलका, आणि त्यात अगदी माइकजवळ बोलल्यासारखा एका बाईचा आवाज — "गोदे, बस आता."

"शांता हाय," आई म्हणाली.

"आई, मावशीला बोलता कुठं येत होतं?"

"ते मले माहीत नाही का? पण मले गोदे म्हणणारं आता कोण राह्यलं, सांग बरं."

ते खरं होतं. आईचं नाव गोदावरी. गोदे म्हणणारी तिच्या माहेरची माणसं केव्हाच गेली. हळदीला जमलेल्या बायका तिला काकू म्हणतात, नाहीतर वहिनी.

मी मूळ व्हिडिओ लावला. त्या जागी गाणं आहे, गलका आहे... तो आवाज नाही. हेडफोन लावून ऐकलं, बायकोला ऐकवलं. नाहीच. चित्रात मात्र आई ताट घेऊन लगबगीनं चाललीये, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली मावशी तिचा हात धरून तिला खाली बसवतेय. बरोबर त्याच जागी. तेवढाच तुकडा मी तीन-चारदा मागे घेऊन पाहिला, खोटं कशाला बोलू.

त्याच व्हिडिओतून पुन्हा आवाज काढला. स्वच्छ गाणी. तिसऱ्यांदा काढला, तेच. ते वाक्य फक्त पहिल्या फाइलमध्ये आहे.

रात्री जेवताना आईला विचारलं, "तू तिचा आवाज कधी ऐकलाच नाहीस, मग ओळखला कसा?"

ती म्हणाली, "आता कसं सांगू तुले? ऐकला अन् समजलं."

कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा माझा एक मित्र आहे. त्याचं म्हणणं, दुसऱ्या कुठल्या तरी फाइलचा तुकडा मिसळला असेल. असेलही. पण मिसळायला तो आवाज आधी कुठंतरी असावा लागतो ना... मित्र म्हणाला, फाइल दे, माझ्या ओळखीच्या एकाकडून तपासून घेतो. मलाही ते हवंच होतं. पेनड्राइव्ह काढायला गेलो तर आईनं स्पीकरवर हात ठेवला.

"काऊन नेतो?"

"तपासायला. आवाज कुठून आला ते कळेल."

"नको बापू. शांतीले लोकायच्या हाती देऊ नको."

आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. पेनड्राइव्ह तिच्या स्पीकरलाच आहे. मी परत मागितला नाही.