साध्य आधीच पक्षात

"सर, दिसतंय की. दोन्ही कोन सारखेच हायत," वैशालीताई फळ्यावरच्या त्रिकोणाकडे बोट करत म्हणाल्या.

मी त्यांचा पेपर परत दिला होता. 'पक्ष' या शब्दापुढे त्यांनी लिहिलं होतं, कोन B आणि कोन C समान आहेत. तेच तर सिद्ध करायचं होतं.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी सिडकोतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे कोणी 'सर' म्हटलं की अजूनही अवघडतो. त्यात वैशालीताई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, त्या दहावीला बसल्या होत्या. त्यांचे मिस्टर सातपूरच्या एका कंपनीत होते. ते वारल्यावर कंपनीने सांगितलं, घरातल्या एकाला घेऊ, पण दहावी पास पाहिजे. सासूबाई म्हणाल्या, "आधी पास तर हो."

प्रमेय लिहिताना आधी पक्ष लिहायचा, म्हणजे आपल्याला जे दिलेलं आहे ते. मग साध्य, म्हणजे जे दाखवायचं आहे ते. आणि सिद्धता ही पक्षापासून साध्यापर्यंतची वाट. तिच्या प्रत्येक पायरीला कारण द्यावं लागतं. 'दिसतंय' हे कारण चालत नाही.

क्लासच्या मालकांना, चव्हाण सरांना, माझी ही पद्धत पसंत नव्हती.

"अरे, तिला पास करायचंय, प्रोफेसर नाही करायचं. प्रमेयं पाठ करून घे, ABC सकट."

"अक्षरं बदलली की त्या अडतात, सर."

"बोर्ड काय तिच्यावर डूख धरून बसलंय का?"

सराव परीक्षेत ABC च्या जागी PQR आलं. ताईंनी प्रश्न कोरा सोडला.

पुढच्या तासाला मी मुद्दाम वेडावाकडा त्रिकोण काढला. खाली लिहिलं, पक्ष: बाजू PQ आणि बाजू PR समान.

"हा कसला त्रिकोण, सर? ही बाजू तर लय लांब हाय."

"असू द्या. पक्षात काय लिहिलंय?"

"समान."

"मग समान. दिसण्यावर जायचं नाही."

त्यांनी उठून P पासून कोन दुभागणारी रेघ खाली आणली. एक बाजू पक्षातून समान, मधला कोन रचनेमुळे समान आणि ही रेघ दोन्ही त्रिकोणांत सामाईक. बाजू-कोन-बाजू कसोटी, पोरं तिला बाकोबा म्हणतात. त्रिकोण एकरूप, म्हणून Q आणि R हे कोन समान. प्रत्येक ओळीपुढे त्यांनी कारण लिहिलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

निकालानंतर त्या क्लासवर आल्या. पास झाल्या होत्या. चिवड्याचं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं.

"मग कंपनीत कधीपासून?"

"तिथं धाकटे दीर लागले, सर. परीक्षेच्या आधीच."

"पण त्याला तुमची ना-हरकतीची सही लागली असेल ना?"

"लागली. दिली."

मी विचारलं, "मग पेपर कशाला दिलात?"

"शिकले होते ना." त्या थोडं हसल्या. "दिरांचं आधीच ठरलं होतं, सर. मला फॉर्म भरू दिला, क्लासला येऊ दिलं. पण साध्य पक्षातच लिहून ठेवलेलं. मधल्या पायऱ्या मी उगाच लिहीत बसले."

चव्हाण सर आतून म्हणाले, "वैशालीताई, अभिनंदन." त्या "हो सर" म्हणाल्या आणि निघाल्या.

यंदाच्या बॅचमध्येही कोणी ना कोणी साध्य पक्षात लिहितंच. मी लाल पेनाने रेघ मारतो आणि मार्क कापतो. पेपरात ही चूक पकडली जाते. घरात ती तपासायला कोणी नसतं.