मागच्या बाजूने बाहेर

गोळाफेकीचे नियम सांगायला मला दहा मिनिटं पुरतात. वर्तुळात आधी स्थिर उभं राहायचं. गोळा मानेला टेकवायचा आणि तिथूनच ढकलायचा, चेंडूसारखा फेकायचा नाही. पुढच्या लाकडी फळीवर पाय पडू द्यायचा नाही. गोळा पडला की वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायचं; पुढून गेलात तर फेक बाद. हे शेवटचं मी मुलींकडून रोज घोकून घेते, कारण गोळा लांब गेला की पाय आपोआप त्याच्यामागे धावतात.

तालुका स्पर्धेला पंच कमी पडतात, म्हणून आम्हा शिक्षकांनाच एकेक खेळ वाटून देतात. त्या वर्षी गोळाफेक माझ्याकडे होती. माझ्या शाळेची मुलगी खेळत होती. कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतली दहावीची एक मुलगीही होती. तिचे सर गणिताचे. नियमांचं पुस्तक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सकाळीच मला म्हणाले, "जिल्ह्याला निवड झाली तर घरचे तिला अकरावीला पाठवतील. नाहीतर माथेरानला हॉटेलात भांडी आहेतच."

तिची पहिलीच फेक माझ्या मुलीच्या खुणेपुढे हातभर पडली. ती हसत फळी ओलांडून पुढे गेली. मी लाल झेंडा उचलला.

"पाय तं लागला नाय, मॅडम."

"फाऊल."

"मग कशाचा?"

"पुढची, ये."

विचारल्यावर पंचाने कारण सांगायचं असतं. मी वहीत फुली मारली.

दुसऱ्या वेळी फळीच्या धास्तीने ती वर्तुळाच्या मधोमधच थांबली. तरी गोळा त्या खुणेपुढेच पडला आणि ती पुन्हा पुढूनच चालत गेली.

"अंडं घातलंय गं, बघाया चालली," माझी मुलगी म्हणाली. रांग हसली. मीही हसले.

तिसरी, शेवटची फेक सगळ्यांत लांब गेली. जमिनीत खळगा पडला. पुन्हा झेंडा. फाऊल मोजत नाहीत, त्यामुळे टेप लावलीच नाही.

सर आले, तेव्हा मी पुस्तक उघडून नियमावर बोट ठेवलं. त्यांनी तो दोनदा वाचला.

"एकदा सांगायचं होतंत, मॅडम."

"शिकवणं तुमचं काम, सर."

तिने ऐकलं. रिकाम्या हातांनी वर्तुळात जाऊन उभी राहिली आणि मागच्या बाजूने बाहेर आली.

"एवढंच?" तिने मला विचारलं.

मी "हो" म्हटलं आणि निवडयादीत माझ्या मुलीचं नाव लिहिलं.