बिनतिकिटाचा डोंगर

परदेशात जाऊन आपल्यामुळे तिथल्या कुणाचाही एका पैशाचा फायदा होऊ नये, अशा निश्चयाने घराबाहेर पडलेला प्रवासी मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. मी जळगावला शाळामास्तर, ते धुळ्याला एका जिनिंग फॅक्टरीत कापूस तोलायच्या कामावर. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणे. त्यांना कंजूष म्हटलेलं मला आवडत नाही. कंजूष माणसाला पैसा सुटताना त्रास होतो. भाऊंना पैसा न सुटण्यात आनंद होत असे, आणि तो आनंद ते चारचौघांत वाटून खात. वर्तमानपत्र ते न्हाव्याच्या दुकानात वाचत आणि दाढी घरी करत. पोस्टकार्डावर पत्त्याच्या बाजूला चार बोटं जागा उगीच मोकळी राहते, म्हणून मजकूर थेट पत्त्याला भिडवत. एकदा त्यांनी माझ्या नावाला खेटून यावलच्या केळीचा भाव लिहिला, तर ते कार्ड आधी यावलला जाऊन आठ दिवसांनी जळगावात माझ्या हाती पडलं. तक्रार केली तर म्हणाले, "तेवढ्याच पैशात तुमच्या पत्राची यावलवारी झाली की मास्तर!"

अशा माणसाने परदेश गाठला तो हौसेने नव्हे. त्याच्या आदल्या वर्षी अक्का, म्हणजे भाऊंच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या. एकवीस दिवस ताप उतरेना. भाऊंनी फॅक्टरीत रजा टाकली, पगारी रजा संपल्यावर बिनपगारी टाकली, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. एका दुपारी त्यांनी अक्कांना विचारलं, "तुला काय पाहिजे ते सांग." अक्का शिरपूरच्या. चौथीतून शाळा सुटली आणि लग्न होऊन धुळ्याला आल्या, त्यानंतर त्यांनी काही मागितल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तापाच्या भरात त्या म्हणाल्या, "बर्फाचा डोंगर बघायचा होता." भाऊ उठले आणि तडक एकवीरा देवीच्या देवळात गेले. लोक नारळाचा नवस बोलतात, साडीचोळीचा बोलतात. भाऊ बोलून आले की ही बरी होऊ दे, हिला बर्फाचा डोंगर दाखवीन. चार दिवसांनी ताप उतरला आणि देवीचं देणं भाऊंच्या डोक्यावर आलं.

आता हिमालय आपल्या देशातही आहे, पण भाऊंना कुणीतरी सांगितलं की सगळ्यात उंच तो नेपाळातला. देवीला दुय्यम माल द्यायचा नाही, हा त्यांचा धंद्यातला बाणा. शिवाय नेपाळला पासपोर्ट लागत नाही, म्हणजे फोटोचा खर्च वाचला, आणि आपला रुपया मोडला की तिथले जास्त रुपये हातात येतात. हे कळल्यावर ते माझ्या शाळेत आले, भिंतीवरच्या नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, डोंगर देखाले तिकीट नहीं शे ना? मंग बठ्ठं जमनं!" बठ्ठं म्हणजे सगळं. मला सोबत घेतलं ते दोन कारणांनी. माझं हिंदी बरं होतं, आणि खोलीचं भाडं दोघांपेक्षा तिघांत स्वस्त पडतं. दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो.

वाटेत विकत काही खायचं नाही असं ठरलं होतं. अक्कांनी ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, पण खरा भरवसा होता केळींवर. भाऊंचे यावलचे मित्र बागायतदार. त्यांच्याकडून भाऊंनी पोतंभर फण्या आणल्या आणि प्रत्येक फणीला निराळ्या रंगाचा दोरा बांधला. एक फणी पिकलेली, एक उद्या पिकणारी, एक परवा, अशी थेट परतीपर्यंतची पंगत त्या पोत्यात बसलेली होती. भुसावळहून गाडी सुटली की लाल दोरा, मोगलसराईला पिवळा, सरहद्दीवरच्या रक्सौलला निळा. शेजारचे प्रवासी आधी हसत होते. मोगलसराईला पिवळ्या दोऱ्याची केळी भाऊंच्या शब्दाखातर पिकल्यासारखी पिकून बाहेर आली, तेव्हा समोरच्या बाकावरच्या एका पंडितजींनी हात जोडले. भाऊंनी त्यांना एक केळं दिलं. मी डोळे चोळून पाहिलं, खरंच दिलं होतं.

रक्सौलहून पुढे बस घाटात शिरली आणि हिशोब बिघडला. घाटात एका जागेवरून बर्फाची अख्खी रांग दिसते असं ड्रायव्हर सांगत होता. आम्हाला दिसला तो ढग आणि लागली ती थंडी. काठमांडूला उतरून भाऊंनी पांढऱ्या दोऱ्याची फणी काढली, तर ती हिरवीगार आणि दगडासारखी टणक. दुसऱ्या दिवशीही तशीच. भाऊंनी खान्देशच्या उन्हाचा हिशोब केला होता आणि आम्ही थंडीत येऊन बसलो होतो. अर्धं पोतं केळी पिकायचं नावच घेईनात. भाऊ रात्री ती आपल्या पांघरुणात घेऊन निजत आणि सकाळी हळूच दाबून पाहत.

उतरलो होतो ते मारवाड्यांच्या धर्मशाळेत. जळगावच्या एका मारवाडी दुकानदाराने तिथल्या मुनीमजींच्या नावाने चिठ्ठी दिली होती. राहायला पैसे पडत नव्हते, पण तीन दिवसांवर मुक्काम नाही हा नियम होता. ते तीन दिवस आम्ही रोज पहाटे गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड करून उभे राहत होतो. उत्तरेला नुसता राखाडी पडदा. गच्चीवर जागा धरून अक्का शाल गुंडाळून तासन् तास उभ्या राहत आणि खाली आल्यावर म्हणत, "उद्या दिसेल." तिसऱ्या संध्याकाळी मुनीमजी म्हणाले, "सेठ, धरमशाला है, ससुराल नहीं." भाऊंचा चेहरा उतरला. नवस फेडल्याशिवाय माघारी कसं जायचं? देवीला काय सांगायचं, ढग होते म्हणून?

वाचवलं ते अक्कांनी. मुनीमजी जैन, बटाटा-कांदा वर्ज्य, आणि धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीच डाळ. अक्कांनी विचारलं, "कच्ची केळी चालतात का हो यांना?" मग त्यांनी अर्ध्या पोत्यातल्या कच्च्या केळींचा फडशा पाडला. भाजी केली, भजी केली, पातळ काप तळून वर तिखटमीठ भुरभुरलं. मुनीमजींनी पहिल्या दिवशी ताट दोनदा मागवलं आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन आले. नियम दोन दिवस पुढे सरकला. "मास्तर," भाऊ खुशीत म्हणाले, "पिकली असती तं आपण आज रस्त्यावर!" पण डोंगर काही त्या दोन दिवसांतही दिसला नाही, आणि पाचव्या संध्याकाळी यात्रेकरूंचा एक मोठा जथा आला. मुनीमजींनी हात जोडले. त्यांचाही इलाज नव्हता.

अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. डोंगर काय पळी जाई का? पुन्हा येऊ." पुन्हा येणं कसलं, हे तिघांनाही ठाऊक होतं. भाऊंनी वळकटी खांद्यावर टाकली आणि बसच्या अड्ड्याकडे वळायच्या ऐवजी शेजारच्या लॉजात शिरले. मालकाने भाडं सांगितलं. मी कान टवकारले, कारण भाऊंची घासाघीस म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. भाऊंनी फक्त विचारलं, "खिडकी उत्तरेला आहे ना?" आणि मागितले तेवढे पैसे मोजून दिले. हा माणूस आजारी तर नाही ना पडला!

खिडकी उत्तरेला होती, पण डोक्याच्या वर. पहाटे मला जाग आली ती अक्कांच्या "अगं बाई" या शब्दांनी. त्या भाऊंची पत्र्याची ट्रंक उभी करून तिच्यावर चढल्या होत्या. ट्रंक डुगडुगत होती आणि भाऊ खाली वाकून ती दोन्ही हातांनी घट्ट धरून होते. मी उंच असल्यामुळे टाचा उचलून डोकावलो. पडदा फाटला होता. वरच्या बाजूला, जिथे मी आभाळच असेल असं समजत होतो, तिथे डोंगर होता. आधी गुलाबी, मग केशरी, मग पांढराशुभ्र.

"दिसना का?" खालून भाऊ.

"दिसला."

"कितला मोठा शे?"

अक्का त्यांना सांगत होत्या. तीन टोकं आहेत, मधलं जरा वाकडं आहे, डाव्या अंगाला सावली पडलीय, अजून रंग बदलतोय. भाऊ भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. पाच-सात मिनिटं असतील. मग अक्का भानावर आल्या. "अहो, तुम्ही चढा आता," म्हणत त्या उतरेपर्यंत पडदा पुन्हा मिटला. ट्रंक मी धरायला हवी होती. तेव्हा सुचलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

परतीच्या तिकिटापुरतेच पैसे उरले होते. अक्का आणखी एक दिवस राहायचा हट्ट धरून बसल्या, पण भाऊ हसून म्हणाले, "एकनी देखं म्हंजे दोन्हीस्नी देखं. खोली एकच व्हती ना!" धुळ्याला आल्यावर आधी देवळात जाऊन ते नवस फिटल्याचं देवीला सांगून आले. त्यानंतर घरी येईल त्याला भाऊ हिमालय सांगतात. तीन टोकं, मधलं जरा वाकडं, डाव्या अंगाला सावली. सांगताना त्यांचे डोळे असे लुकलुकतात की ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. अक्का बाजूला सुपारी कातरत ऐकत असतात.

गेल्या आठवड्यात मला अक्कांचं पत्र आलं. चौथीपर्यंतच्या शाळेचं मोठं, सुटं अक्षर. शिवणातून थोडे पैसे साठलेत, यंदा दिवाळीनंतर ह्यांना नेपाळला घेऊन जायचा विचार आहे, तुम्ही गाड्यांची माहिती काढा, मात्र ह्यांना एवढ्यात कळू देऊ नका, असं लिहिलं होतं. भाऊंना आता संधिवाताचा त्रास आहे आणि अक्कांनाही जिना चढताना दम लागतो. तरीही मी काल स्टेशनवर जाऊन चौकशी करून आलो.