मिशीवरची चटणी

कर्वेनगरच्या आमच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या बाई कुणाची चूक सांगण्याआधी डब्याचं झाकण घट्ट लावतात. काल जेवताना झाकण लागलं. मार्केट यार्डातला व्यापारी फोनवर ओरडत होता, कारण आमच्या ॲपात त्याच्या कांद्याचं वजन उणे दिसत होतं.

"अहो, मी वजनाची फाइल सुधारून मगच कमिट केली!" मी बाईंना म्हणालो. कमिट म्हणजे कोड सांभाळणाऱ्या 'गिट'मध्ये फाइलची पक्की नोंद.

"गिट ॲड आधी केलंत, सुधारलंत नंतर," म्हणत त्यांनी माझा फोटो काढला. "आता मिशीवरची चटणी पुसा."

मी पुसली.

"फोटोतली गेली?"

"नाही."

"ॲड म्हणजे हा फोटो. कमिटमध्ये तोच जातो. नंतर काही बदललंत, तर पुन्हा काढायचा."

पटलं. केस विंचरून मी ऐटीत बसलो. "काढा पुन्हा."

बाईंनी शांतपणे डबा उघडला. "आपलं कमिट झालंय."

ऑफिसच्या ग्रुपवर मी चटणीसकट झळकत होतो.