उलटं दुमडलेलं पान

सेल्वी वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंठ्याच्या शाळेत वर्गावर होते. जालन्याला पोचले तर शेजारच्या रजियाखाला तिच्या उशाशी बसलेल्या... गेलेल्या माणसावर लिहिताना राग बाजूला ठेवावा म्हणतात. मी ठेवणार नाही. तो राग वहिनीचा आहे.

वहिनी मलेशियातली तमिळ. दादा तिकडं पोलाद कारखान्यात होता, तिथून तिला लग्न करून घेऊन आला. इथं सगळे तिला मद्रासीण म्हणायचे. "मद्रास मी बघितलंसुद्धा न्हाई!" ती चिडायची. जन्म रबराच्या मळ्यातला. घरात तमिळ, शाळेत मलय, पहाटे मशिदीची अजान. जालन्यात पहिल्यांदा अजान ऐकली आणि घर आठवलं, असं ती सांगायची. लग्नाआधीच तो मळा विकला गेला. मजुरांची घरं पाडली, मारिअम्मनचं देऊळही पाडलं. आजारी आई पावसात उघड्यावर पडली आणि गेली. मलय शेजारणी तांदूळ घेऊन आल्या, रात्रभर बसल्या. घरं पाडायला मजुरांच्या नावानं परस्पर संमती देणारा मुकादम मात्र तमिळच होता. "परक्यानं केलं असतं तर नुसती रडले असते," वहिनी म्हणायची.

पुढं बऱ्याच वर्षांनी तोच मुकादम, आता लोखंडाचा मोठा व्यापारी, दादाच्या इथल्या पोलाद कारखान्यातून माल घ्यायला जालन्यात आला. दादानं त्याला घरी जेवायला बोलावलं. नाव कळल्यावर वहिनी त्या दिवशी सकाळपासून चुलीपुढं राबली. केळीच्या पानावर आग्रह करकरून वाढलं. त्यानं तिला ओळखलं नव्हतं. पोटभर जेवून तो पान दुमडायला गेला, तर तिनं त्याचा हात धरला आणि स्वतःच पान पलीकडं, उलटं दुमडलं. तमिळांत तसं फक्त मयताच्या जेवणाला दुमडतात. त्याचा चेहरा उतरला. वहिनीनं आईचं नाव घेतलं, तमिळमध्ये काही बोलली, मग आमच्यासाठी मराठीत म्हणाली, "हे तिचं श्राद्ध होतं. जेवायला हाच पाहिजे होता. ह्याला माल द्यायचा न्हाई."

दादा म्हणाला, "बरं."

संध्याकाळी मी विचारलं, "बरं वाटलं का, वहिनी?"

"बिलकुल न्हाई. आणखी बोलायला पाहिजे होतं."

परवा त्या मुकादमाचा, आता म्हाताऱ्या झालेल्याचा, फोन आला. वहिनी गेल्याचं कुणीतरी कळवलं होतं. "जाताना तिनं मला माफ केलं का?" एवढंच तो इंग्रजीत विचारत होता. दादानं तिच्या रिकाम्या पलंगाकडं बघितलं. "न्हाई," तो मराठीतच म्हणाला, आणि फोन ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बराबर सांगितलं ना?"

ती गेल्यापासून त्या दिवशी दादा पहिल्यांदा पोटभर जेवला.