टीव्हीच्या कोपऱ्यातला शिक्का

टीव्हीच्या कोपऱ्यात चॅनलवाले स्वतःचं चिन्ह कायमचं चिकटवून ठेवतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. सिनेमा लागो, मॅच लागो, कुणाची अंत्ययात्रा दाखवत असोत, ते आपलं तिथंच. अरे बाबांनो, कळलं की एकदा तुमचं नाव! आता किती वेळा सांगाल? हा राग माझा स्वतःचा नाही, बापाकडून आलेला आहे. आमच्या आप्पांना तो माझ्या दसपट यायचा. ते चिन्ह दिसलं की हल्ली मला दुसरंही काहीतरी होतं, पण ते सांगायला आधी आमच्या भिंतीपासून सुरुवात करावी लागेल.

चौसाळ्याला आमचं किराणा दुकान. पुढं दुकान, मागं घर, आणि एक आख्खी भिंत हायवेकडं तोंड करून. त्या भिंतीवर आप्पांचा लई जीव. ट्रक, एसट्या सगळ्या तिथून जायच्या, म्हणून चहावाले, साबणवाले, बियाणंवाले रंगाचे डबे घेऊन यायचे. "मालक, भिंतीवर जाहिरात काढू का?" कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांना धक्का न लावता आप्पा टोपी मागं सरकवायचे आणि म्हणायचे, "काढा की. पर भिंत माझी हाय. भाडं काय देता?" मग कुणी दुकानाचा दर्शनी भाग फुकट रंगवून द्यायचं, कुणी चहाची खोकी. एकदा आम्ही धारूरला, मायच्या माहेरी लग्नाला गेलतो, तेव्हा एका बियाणंवाल्यानं न विचारताच भिंत रंगवली. आप्पांनी आल्या आल्या चुन्याची बादली काढली आणि त्याचं ते हातभर कपाशीचं बोंड पुसून टाकलं. लग्नातले कपडेसुद्धा बदलले नव्हते.

मग बाजार मोकळा झाला म्हणे. आम्हाला ते पेपरातून नाही, दुकानातूनच कळलं. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आल्या, त्या टांगायला वर दोरी बांधावी लागली. कधी न ऐकलेले साबण आले, नवी नवी बिस्किटं आली. आमच्याकडं कलर टीव्ही आला, आणि त्याच्यामागोमाग केबल आली.

केबल जोडली त्या दिवशी आप्पा पुढं होऊन काचेजवळ गेले, धोतराच्या सोग्यानं उजवीकडचा वरचा कोपरा पुसला, मागं येऊन बघितलं, पुन्हा जाऊन बोटाला थुंकी लावून घासला. डाग वाटला त्यांना.

"पुसत न्हाई बे हे," ते केबलवाल्याला म्हणाले.

"आप्पा, ते चॅनलचं चिन्ह हाय. ते ऱ्हाणारच."

"कवापर्यंत?"

"कायमचं."

"कावून? टीव्ही कुणाचा?"

"तुमचा."

"लाईट कुणाची? खुर्ची कुणाची?"

"तुमचीच की."

"मग पाटी त्याची कावून? आन् त्याचं भाडं कोण देणार, तू का तो?"

केबलवाला खदाखदा हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांना खरंच अपमान वाटला होता. बाहेरच्या भिंतीवर न विचारता कुणी रंग लावला तर चुना तरी मारता येतो. इथं घरात, देव्हाऱ्यासमोरच्या फडताळावरच्या टीव्हीवर, कुणीतरी येऊन शिक्का मारून गेलं होतं. तेव्हापासून घरात त्याला शिक्काच म्हणायला लागले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी दुकानातली वायरमनची काळी चिकटपट्टी घेतली, दातानं तोडली आणि शिक्क्यावर डकवली. चॅनल बदललं की शिक्का डावीकडं, तिसरं लावलं की खाली. आप्पांनी तिथंही पट्ट्या लावल्या. "टीव्हीला गोवर आलाय का काय," म्हणून माय कपाळावर हात मारायची. मॅच बघायला आलेले शेजारी कावायचे, "आप्पा, आवो चेंडू पट्टीखाली गेला ना!" आप्पा म्हणायचे, "जाऊ द्या. माझ्या घरात माझं चालंल." शेवटी बाकीच्या पट्ट्या मायनं खरवडून काढल्या आणि आप्पांच्या मॅचच्या चॅनलची तेवढी उजवीकडची ठेवली. मी मनातून आप्पांच्याच बाजूचा होतो. चिडका बाप असला तरी त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

एका उन्हाळ्यात, गरम काचेवर राहून राहून, त्या पट्टीचा गोंद विरघळला आणि ती टीव्हीमागं पडली. शिक्का पुन्हा लखलखायला लागला. मी आणि माय एकमेकांकडं बघत बसलो. आता भडका उडणार! आप्पा मॅच बघत होते. षटक झालं, दुसरं झालं, एक शब्द नाही. मायनं मला डोळ्यानं खुणावलं आणि आत गेल्यावर म्हणाली, "गप ऱ्हा. विसरलेत. काढून देऊ नको याद." आम्हाला काय बरं वाटलं होतं त्या दिवशी! माणूस निवला, वयानं शांत झाला, असं माय शेजारणींना कौतुकानं सांगत सुटली.

त्यानंतर आप्पा धडकायला लागले. शाम्पूच्या माळा तोंडावर यायच्या, तागडीचा दांडा कानशिलाला लागायचा. समोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक दिसायचं, बाजूला उभं राहिलेलं दिसायचं नाही. "आवो आप्पा, मी कवाचा उभा हाय," असं कुणी म्हटलं की केवढ्यानं तरी दचकायचे. सल्ला द्यायला आख्खं चौसाळा पुढं. मोतीबिंदू हाय, म्हणाले. पिकू द्या, म्हणाले. कच्चा काढला तर डोळा जातो, चांगला पिकला की डॉक्टर अलगद काढतो. आंब्याची आढी लावणाऱ्या माणसाला हे सहज पटलं. बीडला जाऊन दाखवू म्हटलं की आप्पा माझ्यावरच उखडायचे, "पिकायच्या आत जाऊन काय करू? हात हलवत परत येऊ?"

दर सोमवारी पूजा झाली की ते दुकानाच्या उंबऱ्यात उन्हाला तोंड करून बसायचे. माय त्यांची पापणी अंगठ्यानं वर उचलायची.

"बघ, पिकला का?"

"न्हाई ओ. काळंभोरच हाय अजून."

"पिकंल, पिकंल. घाई न्हाई."

बुबुळ काळंभोर दिसायचं, कारण तिथं मोतीबिंदू नव्हताच. दोन म्हातारी माणसं उन्हात बसून कशाची वाट बघत होती!

शेवटी मी त्यांना बळंच बीडला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. आत ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी शेजारी उभा होतो. बटणाचा आवाज येईचना. मला वाटलं यंत्र चालू झालेलं नाही. डॉक्टरांनी मग मला आणि आप्पांना समोर बसवून सांगितलं, हा काचबिंदू आहे. यात नजर कडेकडेनं जाते, माणसाला कळतसुद्धा नाही. गेलेली परत येत नाही. मधली थोडी राहिलीय, थेंब टाकून ती जितकी टिकेल तितकी टिकवू.

"मी पिकायची वाट बघत होतो," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, कडेचं दिसायचं कधीपासून बंद झालं? आप्पांना सांगता येईना. मला मात्र तिथं बसल्या बसल्या तो उन्हाळा आठवला, ती गळून पडलेली पट्टी आठवली.

एसटीत मी त्यांना ते सांगितलं. पट्टी तेव्हाच पडली, शिक्का रोज तिथंच होता, तुम्हाला तो दिसत नव्हता. आप्पा खिडकीकडं तोंड करून बसले होते. तसेच म्हणाले, "मला वाटलं, त्यांनीच काढला. म्हणलं, लाज वाटली असंल. तुमीबी मग पट्टी काढून टाकली असंल." एवढी वर्षं मनातल्या मनात जिंकल्याचं समाधान घेऊन माझा बाप टीव्हीसमोर बसत होता.

त्यानंतरचा काळ मला कुणाला सांगावासा वाटत नाही. सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचे आणि बघत बसायचं, बस्स. पूजा अडत नव्हती. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, हाताला सगळं कळायचं. मॅच अडायला लागली. आप्पांना नळीतून बघितल्यासारखं, मधलंच तेवढं दिसायचं. बॅट दिसायची तर चेंडू नाही, चेंडू शोधेपर्यंत ओरडा. पळणारा माणूस त्या नळीतून बाहेर पडला की गेला. "पळतात कावून रे हे सगळे," असं एकदा रडवेल्या आवाजात म्हणाले. क्रिकेटवाल्यांनी पळायचं नाही तर काय करायचं? पण मला हसू आलं नाही.

टीव्हीवर न पळणारी वस्तू एकच होती. मीच ती त्यांना सुचवली. चौकटीची वरची कड धरायची, तिच्यावरून हळूहळू उजवीकडं सरकायचं. आप्पा मान ताणून, डोळे बारीक करून सरकत राहिले आणि एकदम ओरडले, "घावला! घावला बे! लेका, हायस व्हय अजून?" शिक्क्याला लेका म्हणाले. माय हसता हसता रडायला लागली.

मग ते रोजचंच झालं. जेवायच्या आधी टीव्ही लावायचा, आप्पांनी एक डोळा झाकून कोपरा शोधायचा, मग दुसरा झाकून. माय तव्यावर भाकरी टाकता टाकता आतून विचारायची, "हाय का?" ते म्हणायचे, "हाय." एवढं ऐकलं की तिचा दिवस निघायचा. पुढं एका डोळ्यानं नाहीसा झाला. "डाव्यानं न्हाई. उजव्यानं हाय," असं ते हिशेब सांगितल्यासारखं सांगायचे. माय त्या "हाय"वर जगायला लागली. मीही, खोटं कशाला बोलू.

आणि या चॅनलवाल्यांचा नालायकपणा बघा. आख्खी मॅच शिक्का ठेवतात आणि जाहिरात लागली की तेवढा काढतात! आप्पा कोपऱ्यावर नजर लावून बसलेले असायचे आणि शिक्का पटकन् गुल व्हायचा. "गेला! गेला रे!" ते खुर्चीचे हात घट्ट धरायचे, माय पिठाच्या हातानं धावत यायची. मी म्हणायचो, "आप्पा, जाहिरात लागलीय. येईल आता." तो परत येईपर्यंत घरात कुणी श्वास घेत नसे. ज्या शिक्क्यानं जावं म्हणून माझा बाप भांडला, त्यानं यावं म्हणून आम्ही तिघं डोळ्यात प्राण आणून बसायचो. तेव्हा मला त्या जाहिरातवाल्यांची मुंडी मुरगाळावीशी वाटायची.

आणि एके दिवशी ते झालं. दुपारची वेळ, मॅच चालू होती. मी दुकानात गूळ तोलत होतो. आप्पांनी हाक मारली. ओरडले नाहीत, साधीच हाक होती, म्हणून मी गूळ बांधून दिला आणि मग गेलो.

"जाहिरात लागलीय का?" त्यांनी विचारलं.

आत मॅचच चालू होती. बोलणाऱ्याचा आवाज येत होता, लोकांचा गलका येत होता. कोपऱ्यात शिक्का होता, नेहमीसारखा, टकटकीत. माय दारात उभी होती आणि माझ्याकडं बघत होती.

मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "जाहिरात न्हाई. आवाज येतोय मला. मंग पट्टी लावली का कुणी परत?"

"हो," मी म्हणालो. "मीच लावली, आप्पा."

"कावून?"

"तुम्हाला शिक्का आवडत नाही म्हणून."

"काढ ती."

मी टीव्हीजवळ गेलो. कोपऱ्यात काच नुसती मोकळी होती, गरम होती. मी नख लावलं आणि मोकळ्या काचेवर खरवडायला लागलो, त्यांना ऐकू जाईल असं. मायनं तोंडावर पदर धरला आणि भिंतीकडं वळली. टीव्हीत कुणीतरी बाद झालं, गलका उठला, पण मी खरवडतच राहिलो, कारण थांबलो तर पुढं काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. आप्पा मान वाकडी करून त्या आवाजाकडं कान देऊन बसले होते. मग त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे, बाबा," ते म्हणाले. "लई घट्ट बसलीय ती."